ढाल एक, नजीब चोवीस: लघुसैनिकांचे सुटे भाग घरच्या घरी ओतताना

महादजी शिंद्यांच्या नजीबांची, म्हणजे पायदळी शिपायांची, एक तुकडी टेबलावरच्या युद्धखेळासाठी उभी करायची असं आम्ही ठरवलं, तेव्हा हिशेब सोपा वाटला होता. माणसं चोवीस, माप २८ मिलिमीटर. प्रत्येकाच्या हातात तोड्याची बंदूक, कमरेला तलवार, पाठीवर गोल ढाल. शरीरं मिळाली. ती दुसऱ्याच कुठल्या सैन्याची होती, पण हातपाय ठीक होते. डोक्यावरची टोपी कापायची, पागोटं बसवायचं, झालं. पहिलं पागोटं इपॉक्सी पुट्टीतून, म्हणजे दोन भाग मळले की घट्ट होणाऱ्या मसाल्यातून, घडवायला मला दीड तास लागला. दुसऱ्यालाही तेवढाच. तिसरं पहिल्या दोघांहून जरा थोराड झालं आणि भाचा म्हणाला, "मावशी, हा लढायला नाही, जेवणावळीला निघालाय."

चोवीस गुणिले दीड, म्हणजे छत्तीस तास नुसती डोकी. ढाली अजून बाकीच. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात आलं, की एकच पागोटं जीव लावून करावं आणि बाकीची तेवीस साच्यातून काढावीत.

ज्यांनी आजवर फक्त मोदकाचा साचा हाताळलाय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. तेवढा अनुभव पुरतो, थट्टा नाही.

मोदकाचा साचा समोर ठेवा

खरंच ठेवा. दोन पाकळ्या मिटतात, खालून सारण भरायला तोंड असतं, आणि पाकळ्या उघडल्या की मोदक सुटतो. आता मोदकावरची ती बारीक उभी रेघ बघा, जिथे दोन पाकळ्या भेटल्या. तिला मी जोडरेषा म्हणते. पीठ जास्त झालं की त्या रेघेतून पापुद्रा बाहेर येतो. तोच पापुद्रा तुमच्या पागोट्यावरही येणार आहे आणि तो ब्लेडने काढावा लागणार आहे. म्हणून जोडरेषा कुठून न्यायची, हे साचा करण्याआधीच ठरवायचं. चेहऱ्यावरून नेली तर नाक जातं. कानामागून, पागोट्याच्या पिळाच्या खोबणीतून नेली तर रंगवल्यावर दिसतही नाही.

आणखी एक गोष्ट पाहा. मोदकाच्या कळ्या वरून खाली सरळ उतरतात. कुठेही आत वळलेला कोपरा नाही, म्हणून तो अडकत नाही. त्याच साच्यात कप काढायचा म्हटलं तर कान अडकेल. अशा जागेला आपण 'अडक' म्हणू. साचा लवचीक असेल तर छोटी अडक चालते, कारण तो वाकवून तुकडा सोडवता येतो. मोठी अडक असेल तर एक तर साचा फाटतो, नाहीतर तुकडा मोडतो.

नवशिक्यांचं सगळं लक्ष रसायनाकडे असतं, साच्याला कोणतं सिलिकॉन, त्यात ओतायला कोणतं रेझिन. माझंही होतं. पण माझे पहिले चार साचे रसायनाने नाही बिघडले, मी तुकडा उलटा बघायला शिकले नव्हते म्हणून बिघडले. तुकडा हातात धरा, एक डोळा मिटा आणि हळूहळू फिरवा. एका बाजूने जेवढं दिसतं तेवढं साच्याच्या एका अर्ध्यात जाईल. जे दिसत नाही ते दुसऱ्या अर्ध्यात. आणि जे दोन्ही बाजूंनी दिसत नाही, ती अडक. ती पुट्टीने बुजवा, नाहीतर तुकड्याचे दोन भाग करून वेगवेगळे ओता.

काय ओतायचं, काय नाही

ढाली, डोकी, पागोटी, पिशव्या, वळकट्या, घोड्याच्या पाठीवरची खोगिरं, तोफेची चाकं, नगारे हे सगळं उत्तम निघतं. बंदुकीची नळी आणि भाला यांच्या नादी लागू नका. एक मिलिमीटरच्या दांड्यात हवा अडकते आणि निघालाच तर पहिल्या धक्क्याला मोडतो. त्यासाठी पितळी तार किंवा साधी टाचणी घ्या. भाल्याचं पातं तारेचं टोक हातोडीने चेपून होतं, आणि ते रेझिनपेक्षा कितीतरी टिकतं.

दुसरी गोष्ट जरा कडक बोलते. विकत घेतलेल्या बाहुलीचे, म्हणजे लघुसैनिकाचे, भाग साच्यात घालून नकला काढायच्या नाहीत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात शिल्प ही कलाकृती धरली आहे आणि शिल्पाच्या व्याख्येत ओतीव प्रतीही येतात. कायदा बाजूला ठेवला तरी, या छंदातले बरेच शिल्पकार एकटे किंवा दोघं-तिघं मिळून घरातूनच धंदा चालवतात. त्यांच्या पोटावर पाय कशाला? आपण घडवलेल्या तुकड्याची नक्कल करावी, किंवा ज्याचा तुकडा आहे त्याला विचारून करावी. तशी माझी ढाल अगदी साधी आहे, गोल, मधे फुगीर आणि वर चार फुल्या. पण ती माझी आहे.

सामान, आणि कंपूतली एक फेरी

दाबून करायच्या साच्यासाठी गरम पाण्यात मऊ होणाऱ्या कांड्या मिळतात. ब्लू स्टफ, इन्स्टंट मोल्ड, ओयुमारू अशी त्यांची नावं आहेत. मला शहरात त्या मिळाल्या नाहीत, ऑनलाइन मागवाव्या लागल्या. त्या पुन्हा पुन्हा वितळवून वापरता येतात, म्हणून एक पाकीट वर्षानुवर्षं पुरतं. भरायला इपॉक्सी पुट्टी लागते. ग्रीन स्टफ सगळ्यात बारीक तपशील धरते, पण महाग पडते. शिल्पकार नावाची पुट्टी स्टेशनरीच्या दुकानात मिळते, स्वस्त आहे, वाळल्यावर कडक होते आणि घासली जाते. एम-सील नळाच्या गळतीसाठी ठेवा. ती लवकर घट्ट होते आणि तिचा पोत बारीक कामाला रवाळ पडतो.

याशिवाय एक गुळगुळीत फरशीचा तुकडा, टोकदार ब्लेड, चिमटा, व्हॅसलीन, टाल्कम पावडर, रबरबँड. आणि नायट्राइलचे हातमोजे. लेटेक्सचे नकोत. का नकोत, ते मला ग्वाल्हेरच्या कंपू मोहल्ल्यातल्या एका फेरीनंतर कळलं.

साच्यासाठी दातांच्या डॉक्टरांची सिलिकॉनची पुट्टी छान चालते असं कळलं होतं. दोन रंगांचे गोळे सारखे घ्यायचे, मळायचे, तुकड्यावर दाबायचे, चार-पाच मिनिटांत साचा तयार. म्हणून मी कंपूकडे मेडिकल कॉलेजच्या बाजूला दातांचं सामान विकणारं दुकान शोधत गेले. कंपू हे नावच मुळी शिंद्यांच्या कवायती फौजेच्या छावणीवरून पडलेलं. महादजींनी १७८४ मध्ये डी बॉयन या युरोपी सेनानीला नोकरीत घेतलं आणि त्याने ज्या पलटणी उभ्या केल्या, त्यांना कंपू म्हणत. म्हणजे ज्या फौजेचे शिपाई मी टेबलावर मांडणार, तिच्याच नावाच्या मोहल्ल्यात मी दातांचा मसाला मागत होते. दुकानदाराने विचारलं, "मैडम, क्लिनिक कहाँ है आपका?" मी म्हटलं, क्लिनिक नाही, ढाली करायच्यात. त्याने एकदा माझ्याकडे आणि एकदा पुट्टीच्या डब्याकडे पाहिलं, आणि पुढे काही न विचारता बिल केलं.

घरी येऊन मी घरात होते ते लेटेक्सचे मोजे चढवले आणि पुट्टी मळली. अर्धा तास झाला, तास झाला, पुट्टी चिकटच. लेटेक्समधला गंधक या जातीच्या सिलिकॉनला घट्ट होऊ देत नाही. दुसऱ्या दिवशी नुसते धुतलेले, कोरडे हात वापरले, तर पाच मिनिटांत काम झालं.

पहिला धडा: ढाल

ढालीपासूनच सुरुवात करा, कारण तिची पाठ सपाट आहे आणि साचा एकाच भागाचा होतो.

मूळ ढाल पूर्ण घट्ट झालेली हवी. आदल्या रात्री घडवलेली असेल तर आणखी एक दिवस थांबा, नाहीतर दाब दिला की फुल्या बसतात. २८ मिलिमीटरच्या शिपायाची ढाल जेमतेम नऊ-दहा मिलिमीटरची होते. नख लावून न मोडणाऱ्या, पण भिंगातून नीट दिसणाऱ्या चार फुल्या तीवर हव्यात. साचा बरोबर झाला की नाही, हे याच फुल्या सांगतात. ढाल फरशीवर गोंदाच्या एका ठिपक्याने चिकटवा. कडेखाली फट राहू देऊ नका. फटीत कांडी शिरली की सगळीकडे पापुद्रा.

पाणी उकळा, गॅस बंद करा, कांडी त्यात तीन-चार मिनिटं ठेवा. चिमट्याने बाहेर काढा आणि कोरड्या फडक्याने पाणी टिपून घ्या. हे टिपणं विसरू नका. एक थेंब राहिला की ढालीवर खड्डा नाही, उलट फोड येतो, कारण साच्यात जिथे खड्डा तिथे तुकड्यावर उंचवटा. मऊ गोळ्याचं एक टोक निमुळतं करा, ते ढालीच्या मध्यावर टेकवा आणि मग बाहेरच्या बाजूला दाबत जा. सपाट गोळा एकदम आदळला तर मध्ये हवा कोंडते. वरून दुसरी फरशी ठेवून दहा मिनिटं हात काढू नका. मग थंड पाण्यात बुडवा आणि सोलून काढा.

साचा उजेडात तिरपा धरा. चारही फुल्यांच्या वाट्या तळापर्यंत स्पष्ट दिसल्या पाहिजेत. एखादी गुळगुळीत, चकचकीत दिसली तर तिथे हवा होती. रडू नका, पुन्हा पाण्यात टाका आणि पुन्हा करा. ही कांडीची मोठी सोय आहे, चूक फुकट दुरुस्त होते.

आता पुट्टी. दोन्ही भाग सारखे घेऊन रंग एकजीव होईपर्यंत मळा, पट्टे राहू देऊ नका. लगेच भरू नका. वीस मिनिटं थांबलं की चिकटपणा कमी होतो आणि ती बोटाऐवजी साच्याला धरते. आधी मोहरीएवढे चार तुकडे चार वाट्यांत ओल्या टोचणीने दाबा, मग वर उरलेली पुट्टी. पाण्याने ओल्या केलेल्या ब्लेडने पाठ सपाट करा. रात्रभर ठेवा. सकाळी साचा वाकवला की ढाल टुणकन उडते, म्हणून पहिल्या वेळी ताटावर वाकवा. माझी पहिली ढाल सोफ्याखाली गेली आणि पुढे झाडलोट करताना आईला सापडली. ती म्हणाली, "शर्टाचं बटण पडलंय कुणाचं तरी."

चोवीस ढालींसाठी सहा साचे केले की चार रात्रींत काम होतं. एकाच साच्यातून चोवीस रात्री वाट बघण्यात काही शहाणपण नाही.

दुसरा: पागोट्याचं डोकं

इथे दोन पाकळ्या. डोकं मानेशी एका टाचणीवर रोवून घ्या, म्हणजे धरायला सोय होते आणि टाचणीच्या जागी पुढे वाट राहते. मऊ कांडीचा गोळा घेऊन डोकं त्यात कानापर्यंत बुडवा, चेहरा खाली. गोळा गार व्हायच्या आत पेन्सिलीच्या बोथट टोकाने सभोवती तीन-चार खड्डे पाडा. दुसरा अर्धा भाग त्यांत खुंट्यांसारखा बसेल आणि पुढे दोन्ही भाग दर वेळी जागच्या जागी जुळतील. हे खड्डे सारख्या अंतरावर पाडू नका. माझे सारखे होते, त्यामुळे एकदा साचा उलटा मिटला आणि एका नजीबाचं पागोटं मागून मानेवर आलं.

पहिला अर्धा पूर्ण गार झाला की त्यावर व्हॅसलीनचा अगदी पातळ हात फिरवा. न फिरवता दुसरा गरम गोळा दाबला तर दोन्ही एकमेकांना चिकटतात. मग दुसरा गोळा वरून दाबा, गार होऊ द्या, उघडा.

भरताना दोन्ही अर्धांत पुट्टी किंचित फुगीर ठेवा आणि मग मिटा. जास्तीची पुट्टी कुठेतरी जायला हवी, म्हणून डोक्याभोवती दोन मिलिमीटर अंतर सोडून ब्लेडने एक उथळ चर खणा. पुट्टी त्या चरात ओघळते आणि पापुद्रा कागदाएवढा पातळ राहतो. चर नसेल तर साचा पूर्ण मिटत नाही आणि डोकं जाड होतं. दोन फरशांमध्ये धरून रबरबँड लावा. दोनच, जास्त नकोत. चार लावले तर साचा चेपतो आणि पागोटं लांबट होतं. माझ्या तुकडीत असा एक लांबट शिपाई आहे. त्याला जमादार केलाय.

तिसरं: तोफेचं चाक

ढाल आणि डोकं जमल्याशिवाय इकडे येऊ नका. चाकाला आरे असतात, आऱ्यांमध्ये मोकळी जागा असते, आणि दाबलेली पुट्टी ती जागा नीट सोडत नाही. इथे ओतायचं सिलिकॉन आणि पातळ रेझिन लागतं.

सिलिकॉनच्या दोन जाती आहेत. एकात कथिलाचं संयुग उत्प्रेरक असतं, ते वजनाच्या साधारण २ ते ५ टक्के घालतात. दुसऱ्यात प्लॅटिनम असतं, ते बहुधा निम्मं-निम्मं मिसळतात. प्लॅटिनमवालं आकाराने जवळजवळ आकसत नाही, पण नाजूक प्रकृतीचं आहे. गंधक असलेली माती, लेटेक्स, थ्रीडी प्रिंटचं अर्धवट घट्ट झालेलं रेझिन, काहीही लागलं की ते चिकटच राहतं. नवशिक्याने कथिलवालं घ्यावं. थोडं आकसतं आणि साचा काही वर्षांत ठिसूळ होतो, पण पहिल्याच दिवशी रुसून बसत नाही.

मुलांची मातीची वडी, म्हणजे प्लॅस्टिसिन, घेऊन सपाट थापा. चाक त्यात अर्ध्या जाडीपर्यंत बसवा. आता प्रत्येक दोन आऱ्यांमधली जागा मातीने अर्ध्या उंचीपर्यंत भरा आणि लाकडी काडीने कड साफ करा. हे कंटाळवाणं काम आहे आणि इथेच साचा होतो किंवा बिघडतो. दहा आऱ्यांच्या चाकाला मला पाऊण तास लागतो. माती धावेच्या मध्यावर धारदार कोनात भेटली पाहिजे. गोलाई राहिली तर तिथे पापुद्रा. मातीत खुंट्यांचे खड्डे पाडा. भोवती मुलांच्या ठोकळ्यांची भिंत उभारा, खालची फट मातीने बुजवा.

मापाचा हिशेब असा. आतली जागा ४.५ गुणिले ४.५ सेंटिमीटर, सिलिकॉनचा थर दीड सेंटिमीटर, म्हणजे सुमारे ३० मिलिलिटर. सिलिकॉन पाण्याहून थोडं जड, म्हणून ३५ ग्रॅम घ्या. तीन टक्के उत्प्रेरक म्हणजे जेमतेम एक ग्रॅम. स्वयंपाकघराच्या काट्यावर एक ग्रॅम भरवशाने मोजता येत नाही. खिशात मावणारा सोनारी डिजिटल काटा घ्या, ०.०१ ग्रॅम दाखवणारा. सगळ्या सामानात याच खर्चाला मी कधी कुरकुरले नाही.

सावकाश ढवळा, भांड्याच्या कडा आणि तळ खरवडत. मग दुसऱ्या कपात ओतून पुन्हा ढवळा, म्हणजे कडेला न मिसळलेलं राहत नाही. आधी मऊ ब्रशने चाकावर पातळ थर लावा, कोपऱ्यांतली हवा निघते. मग एका कोपऱ्यातून, हातभर उंचीवरून, सुतळीएवढ्या बारीक धारेने ओता. धार ताणली गेली की तिच्यातले बुडबुडे फुटतात. चाकावर थेट ओतू नका, सिलिकॉन स्वतः पसरत येऊ द्या.

चोवीस तासांनी उलटा, माती काढा. पण चाक सिलिकॉनमधून हलवू नका. हललं की त्याच्याभोवती फट पडते आणि दुसरं सिलिकॉन तिथे शिरतं. आऱ्यांमधली माती टूथपिकने, शेवटी ओल्या ब्रशने काढा. मग व्हॅसलीन, पातळ पण सगळीकडे. सिलिकॉनला सिलिकॉन चिकटतं, आणि असं चिकटतं की ब्लेडनेही वेगळं होत नाही. माझा पहिला साचा तसाच एक वीट होऊन पडलाय, आत मूळ चाकासकट. तो मी कागद उडू नयेत म्हणून वापरते.

दुसरा अर्धा ओतून झाला की धावेच्या एका जागी, जी गाड्याला लावल्यावर जमिनीकडे येईल, रेझिन ओतायची वाट कापा. समोरच्या बाजूला हवा निघायला दोन बारीक वाटा. साचा उभा धरल्यावर हवेच्या वाटा सगळ्यात वरच्या टोकाला आल्या पाहिजेत. ओतायची वाट खालून वळवून आणलीत तर चाक खालून भरत जातं आणि हवा वर ढकलली जाते. दोन्ही अर्धांवर टाल्कम पावडरीचा हात फिरवून झटकून टाका. पावडर रेझिनला बारीक कोपऱ्यांत ओढून नेते.

पॉलियुरेथेन रेझिनचे दोन भाग असतात. ते वजनाने मोजायचे की मापाने, हे डब्यावर नीट वाचा, कारण दोन्हींची घनता वेगळी असते आणि मापाने सारखे असलेले भाग वजनाने सारखे नसतात. चाकाला दोन-तीन ग्रॅमच पुरतं, तरी दहा ग्रॅमपेक्षा कमी कालवू नका. कमी वजनात चुकीचा वाटा मोठा होतो. उरलेलं वाया जाऊ नये म्हणून ढालीचा एक साचा शेजारी उघडा ठेवा.

पहिल्या साच्यातून चार चाकं काढा, घासून स्वच्छ करा आणि त्या चारांवरून एक मोठा साचा करा. चारही एकाच पिढीची असल्याने जेवढी आकसतील तेवढी सारखीच. मूळ चाक आणि तिसऱ्या पिढीचं चाक एकाच गाड्याला लावलंत तर तोफ लंगडते.

तोफांवरून आठवलं. २९ डिसेंबर १८४३ ला महाराजपूर आणि पनिहार या दोन लढायांत इंग्रजांनी ग्वाल्हेरच्या तोफा घेतल्या, आणि त्या तोफांच्या धातूतूनच आपल्या शिपायांना द्यायची पदकं, ताऱ्याच्या आकाराची, करवून घेतली. ज्यांच्यावर डागल्या होत्या त्यांच्याच छातीवर त्या जाऊन बसल्या. चाकांचे पापुद्रे तासताना हे माझ्या मनात हमखास येतं.

ग्वाल्हेरचं हवामान

बहुतेक सूचना २५ अंशांच्या खोलीसाठी लिहिलेल्या असतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. तापमान दहा अंश वाढलं की घट्ट होण्याचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. पाच मिनिटं हाताळता येणारं रेझिन ३५ अंशांना अडीच मिनिटं देतं, आणि ४५ ला सव्वा मिनिट. एका मे महिन्याच्या दुपारी माझ्या कपात काठी उभी राहिली, अक्षरशः. तेव्हापासून उन्हाळ्यात हे काम सूर्य वर यायच्या आत. बाटल्या झाकण घट्ट लावून गार खोलीत ठेवायच्या, पण फ्रिजमध्ये नाही, कारण बाहेर काढल्यावर त्यांवर दव धरतं, आणि पॉलियुरेथेनला पाणी लागलं की ते फसफसून स्पंजासारखं होतं. याच कारणाने पावसाळ्यात बाटली उघडी ठेवायची नाही. थंडीत उलट. जानेवारीच्या रात्री सिलिकॉन दोन-दोन दिवस घट्ट होत नाही. उत्प्रेरक वाढवू नका, बाटल्या तासभर गच्चीवरच्या उन्हात ठेवा.

माझ्या अनुभवात दसऱ्यापासून होळीपर्यंतचे महिने या कामाला सर्वांत बरे, मधला गारठा सोडून.

हे मात्र ऐकाच

पॉलियुरेथेनच्या एका भागात आयसोसायनेट असतं. ते श्वासातून गेलं तर दमा लागू शकतो, आणि एकदा अंगाला नाजूकपणा आला की पुढे थोडंही सोसत नाही. खिडक्या उघड्या, मोजे घातलेले, लहान मुलं आणि दमेकरी दुसऱ्या खोलीत. इपॉक्सीही त्वचेला लागत राहिलं तर पुरळ उठते. घासकाम नेहमी पाण्यात बुडवलेल्या कागदाने करा, धूळ उडू देऊ नका. या कामाची वाटी, चमचा, पातेलं पुन्हा स्वयंपाकघरात न्यायचं नाही. त्यावर लाल रंगाची खूण करून ठेवा, घरात दुसऱ्यांनाही कळेल.

शिसं वितळवून ओतायचा मोह होईल, जुन्या काळी बाहुल्या तशाच करत. घरात नको. त्याची वाफ आणि बारीक कण, दोन्ही विषारी.

आणि प्रेशर कुकर. बुडबुडे दाबून टाकायला रेझिनचा साचा दाबाच्या भांड्यात ठेवतात, हे कळलं की आपल्याकडे कुणाचीही नजर आधी ओट्यावर जाते. कुकर साधारण १५ पीएसआयला (हे दाबाचं माप) शिटी देतो. रेझिनच्या कामात ४० ते ६० पीएसआय वापरतात आणि त्यासाठी खास भांडं मिळतं. कुकरला पंप जोडणं म्हणजे ओट्यावर बॉम्ब ठेवणं.

बिघडलं तर

तुकड्यावर गोल खळगे दिसले तर रेझिनमध्ये हवा होती. हळू ढवळा, हवेची वाट रुंद करा. दाण्यासारखे उंचवटे दिसले तर हवा साच्यात होती, मग साचाच नवा. तुकड्याची एक बाजू दुसरीपेक्षा सरकलेली असेल तर खुंट्या उथळ आहेत, किंवा रबरबँड तिरपे. टोकं अर्धवट आली तर टाल्कम विसरलात, नाहीतर रेझिन आधीच घट्ट व्हायला लागलं होतं. चिकट राहिलं तर जवळजवळ नेहमीच मोजणं चुकलेलं असतं. तो तुकडा उन्हात ठेवून वाट बघू नका, टाकून द्या. पहिला तुकडा बऱ्याचदा खराबच येतो, साच्यातली पावडर, मातीचे कण तो घेऊन निघतो. त्याला धुण्याचं पाणी समजा.

निघालेले सगळे भाग रंगाआधी भांड्याच्या साबणाने, जुन्या टूथब्रशने धुवा. व्हॅसलीन राहिलं तर रंग सोलून निघतो, आणि तो नेमका खेळाच्या मध्येच निघतो.

माझा चाकांचा साचा तीसेक चाकं देऊन आऱ्यांशी फाटला. त्याच्या आधी एक चांगलं चाक बाजूला काढून ठेवलं होतं, म्हणून नवा साचा करता आला. ते प्रत्येक साच्यासाठी करा. साचे ठेवताना त्यात एक ओतलेला तुकडा तसाच राहू द्या, मिटून, आडवे, कपाटाच्या खालच्या खणात. रिकामा साचा उन्हाळ्यात वाकतो. वर चिकटपट्टीवर तुकड्याचं नाव आणि तारीख लिहा. माझ्याकडे "पागोटं, डावीकडे बघणारं" असा एक आहे, आणि त्याच्या शेजारी "पागोटं, जेवणावळीचं".